वर ठेवलेल्या सळया

पिंपरी-चिंचवडच्या काळेवाडीत कुठल्याही गच्चीवर उभे राहिले की चारही बाजूंना एकच दृश्य दिसते. स्लॅब पडलेला, कठडा बांधून झालेला, पाण्याची काळी टाकी बसलेली आणि प्रत्येक कॉलमच्या जागी गुडघ्या-कमरेएवढ्या सळयांचे जुडगे आकाशाकडे तोंड करून उभे. कोणी त्यांना गंज लागू नये म्हणून सिमेंटचे पाणी फासलेले असते, कोणी पातळ काँक्रीटने झाकून ठेवलेले असते, तर कोणी कपडे वाळत घालायची दोरी त्यांनाच बांधलेली असते. घरमालकाला विचारावे, तर उत्तर ठरलेले असते : ‘वरचा मजला टाकायचाय, पोराच्या लग्नाआधी.’ पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावे एकत्र येऊन १९७० साली इथे नगरपालिका झाली आणि १९८२ साली महापालिका. कारखान्यांत कामाला आलेल्या माणसांनी पवनेच्या अल्याड-पल्याड गुंठा-गुंठा जागा घेतली आणि आधी एक खोली, मग तळमजला, मग पहिला मजला अशी घरे उभी केली. त्या घरांना कायद्याच्या चौकटीत आणण्यासाठी २००१ साली राज्याला गुंठेवारीचा स्वतंत्र कायदा करावा लागला. या वस्तीत पूर्ण झालेले घर विरळाच. इथले प्रत्येक घर पुढच्या पिढीसाठी थोडे उघडे ठेवलेले असते.

या वर ठेवलेल्या सळयांमागचा विचार किती जुना आहे, तो कोणाकोणाच्या हातून फिरत आला आणि विद्यापीठांच्या आधुनिक वास्तूंपर्यंत पोचल्यावर त्याचे काय झाले, हे आज आपण पाहणार आहोत. त्याला कारणही तसेच आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या चार दशकांत आपल्या देशात जी शिक्षणसंकुले उभी राहिली, ती आता साठीच्या आसपास आली आहेत. वर्ग अपुरे पडतात, प्रयोगशाळांना वेगळी वीज आणि वेगळी हवा लागते, लिफ्ट आणि रॅम्प लागतात, स्लॅबमधून पाणी ठिबकते. मग प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न उभा राहतो : पाडायचे, डागडुजी करायची की वाढवायचे? हा प्रश्न आपण नवा समजतो, पण त्याची मुळे फार मागे जातात.

मागे जायचे तर पुण्याच्या वाड्यापर्यंत जावे लागेल. वाडा मोजायचा तो खणांत. दोन लाकडी खांबांमधले अंतर म्हणजे खण. सागवानी तुळई जेवढे अंतर पेलेल तेवढा तो खण. ‘पाच खणी सोपा’ म्हटले की ऐकणाऱ्याला जागेची लांबी, छपराची रचना आणि घरमालकाची ऐपत, तिन्ही एकदम कळत. घर वाढवायचे म्हणजे खण वाढवायचे, आणि खण वाढवून भागेनासे झाले की आणखी एक चौक काढायचा. जुन्या चौकाला धक्का न लावता त्याच्या मागे किंवा बाजूला नवा चौक, भोवती पुन्हा सोपे, ओसऱ्या, माजघर. शनिवारवाड्याचेच पाहा. १० जानेवारी १७३० रोजी त्याचा पाया घातला गेला, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली आणि खर्च आला १६,११० रुपये. पहिल्या बाजीरावाच्या काळात उभी राहिलेली ती वास्तू पुढच्या पेशव्यांनी चौकाचौकाने आणि मजल्यामजल्याने वाढवत नेली. १८२८च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत लाकूड सगळे जळाले, दगडी जोती तेवढी राहिली. आज आपण आत गेलो की त्या जोत्यांवरून चालता चालता चौक कुठे होता, खांब कुठे होते, वाडा कोणत्या अंगाने वाढला असेल, याचा अदमास बांधता येतो. इमारत गेली तरी तिच्या वाढीचा नियम दगडावर वाचता येतो, ही मला त्या वास्तूतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

वाडा आणि विद्यालय यांची गाठही पुण्यातच पडली. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या विश्रामबागवाड्यात १८२१ साली हिंदू कॉलेज, म्हणजे संस्कृत पाठशाळा, सुरू झाली. पेशव्याच्या निवासासाठी बांधलेल्या चौकांत विद्यार्थी बसू लागले आणि त्यासाठी फारशी मोडतोड करावी लागली नाही. ओसरी ही बसायला, शिकवायला, पाठांतराला तितकीच सोयीची. तीच संस्था पुढे पूना कॉलेज झाली आणि १८६४ साली डेक्कन कॉलेज या नावाने येरवड्याच्या वाटेला लागली.

येरवड्याकडे जाणे म्हणजे वाड्याकडून इंग्रजी वास्तूकडे जाणे. त्याच १८६४ साली मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी गणेशखिंडीत आपल्या पावसाळी मुक्कामासाठी गव्हर्न्मेंट हाउसचे काम सुरू केले. वास्तुरचनाकार होते जेम्स ट्रबशॉ. काम १८७१ला संपले आणि त्यावरील खर्चाची चर्चा इंग्लंडच्या संसदेपर्यंत गेली. ज्या खिंडीच्या परिसरात ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांच्या आणि कंपनीच्या फौजा भिडल्या, तिथेच अर्ध्या शतकानंतर हा इटालियन धाटणीचा, उंच मनोऱ्याचा दगडी प्रासाद उभा राहिला. आपल्या चिंचवडच्या लोकांना या वास्तूची आठवण वेगळ्या कारणाने आहे. २२ जून १८९७च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ इथेच झाला आणि तो आटोपून परतणाऱ्या प्लेग-अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गोळी झाडली. चिंचवडचा चापेकर वाडा ते गणेशखिंड हे अंतर आज आपण रोज नोकरीसाठी, कॉलेजसाठी पार करतो.

१० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठाची स्थापना झाली, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले आणि गव्हर्नरांचा हा प्रासाद विद्यापीठाची मुख्य इमारत बनला. एका अर्थाने हा फार देखणा योगायोग होता. पण इमारतीच्या वाढीच्या दृष्टीने पाहिले तर अडचण स्पष्ट दिसते. हा प्रासाद पूर्णविराम देऊन बांधलेला आहे. मनोरा एका बाजूला, दालने ठरलेल्या तोलात, कमानी मोजून. त्याला एक खण जोडला तरी तोल बिघडेल. त्यामुळे विद्यापीठ वाढले ते मुख्य इमारतीला सोडून, चारशे एकरांच्या आवारात इकडेतिकडे. नवे विभाग आले, इमारती आल्या, रस्ते आले, पण त्यांना एकत्र बांधणारा चौक आला नाही.

पूर्णविराम न देणारी इमारत युरोपात मधल्या काळात वेगळ्या वाटेने जन्मली होती. फ्रान्सच्या फ्रान्स्वा एनेबिकने १८९२ साली लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटच्या कॉलम-बीमच्या पद्धतीचे पेटंट घेतले. १९१४ साली ल कॉर्ब्युझिए या तरुण रचनाकाराने ‘दोमिनो’ नावाचे एक साधे चित्र काढले : तीन सपाट स्लॅब, सहा बारीक कॉलम आणि एका कडेला जिना. भिंती नाहीतच. भिंती घरमालकाने आपल्या सोयीने बांधाव्यात. वास्तुकलेच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असलेले हे चित्र पहिल्यांदा पाहिले, तेव्हा मला ते ओळखीचे वाटले. सेंट्रिंग काढलेले, विटा अजून न लागलेले काळेवाडीतले कोणतेही घर तसेच दिसते. वाड्याचा लाकडी खण आणि सिमेंटचा हा सांगाडा, दोघांचे तत्त्व एकच आहे. भार खांबांवर, भिंत नुसता आडोसा.

जर्मनीत वाल्टर ग्रोपियस यांनी १९२६ साली देसाऊ इथे बाउहाउस या शाळेची इमारत बांधली. कार्यशाळा, वर्ग आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या असे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या अंगांना काढले आणि मधल्या रस्त्यावरून पूल टाकून ते जोडले. समोरून एकच एक दर्शनी भाग असावा, हा आग्रहच त्यांनी सोडला. दर्शनी भाग नसलेली इमारत कोणत्याही बाजूने वाढू शकते. नाझींच्या काळात ग्रोपियस यांना देश सोडावा लागला आणि १९३७ साली ते अमेरिकेत हार्वर्डला शिकवू लागले. तिथे त्यांच्या वर्गात एक कोकणी तरुण येऊन बसला.

अच्युत कानविंदे यांचा जन्म १९१६ साली आचऱ्याचा. वडील चित्रकार. मुंबईच्या जे. जे.मधून वास्तुकला शिकून भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते १९४५ साली हार्वर्डला गेले आणि १९४७ साली परत आले, तेव्हा देशाला प्रयोगशाळा आणि विद्यालये हवी होती. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे मुख्य वास्तुरचनाकार म्हणून त्यांनी कामाला सुरुवात केली, १९५५ साली शौकत राय यांच्यासह स्वतःची संस्था काढली आणि १९५९पासून कानपूरच्या आयआयटीचे संकुल त्यांच्या हाती आले. त्या आयआयटीचे पहिले संचालक होते डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. मुंबईच्या आयआयटीच्या आखणीतही केळकरांचा वाटा होता आणि पुढे १९७० ते १९७४ या काळात ते तिचे संचालक झाले. गंगेकाठच्या मोकळ्या माळावर दोन मराठी माणसांनी मिळून एक नवी शिक्षणसंस्था आणि तिची वास्तू घडवली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. ती सांगितली पाहिजे.

कानपूरला कानविंदे यांनी काय केले? काँक्रीटचा सांगाडा झाकला नाही, तो उघडा ठेवला. सांगाड्याच्या चौकटींत विटा भरल्या. मोटारींचे रस्ते बाहेर ठेवले आणि आत माणसांना चालण्यासाठी छप्पर असलेले लांब मार्ग काढले, ज्यांनी ग्रंथालय, व्याख्यानगृहे, प्रयोगशाळा एकमेकींना जोडल्या. नवा विभाग निघाला की त्या मार्गाला एक फाटा काढून तो जोडायचा. वाड्यातली ओसरी इथे मैदानावर लांबवर पसरली, असे म्हणायला हरकत नाही. कानविंदे यांनी एच. जेम्स मिलर यांच्यासह १९६९ साली ‘कॅम्पस डिझाइन इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले. शिक्षणसंकुल ही एकदा बांधून संपणारी गोष्ट नसते, तिची आखणी वाढीसकट करावी लागते, ही जाणीव त्या पिढीने आपल्या देशात रुजवली. माझ्या मते त्या पिढीचे खरे मोठेपण उघड्या काँक्रीटच्या सौंदर्यापेक्षा या दूरदृष्टीत आहे.

हाच विचार मुळाशी नेणारा दुसरा माणूस गोव्याच्या घराण्यातला. चार्ल्स कोरिया जन्मले सिकंदराबादला, १९३० साली. शिक्षण अमेरिकेत, कर्मभूमी मुंबई. अहमदाबादला साबरमती आश्रमात त्यांनी गांधी स्मारक संग्रहालय बांधले, ते १९६३ साली नेहरूंच्या हस्ते खुले झाले. सहा मीटर गुणिले सहा मीटर हे त्याचे माप. विटांचे खांब, वर कौलारू छप्पर, अशी एक-एक चौकोनी खोली. काही खोल्यांना भिंती, काही नुसत्याच उघड्या, मधे पाण्याचे टाके. संग्रह वाढला की आणखी एक खोली जोडावी, असा त्यामागचा बेत होता. खण पुन्हा परतला होता. वीस वर्षांनी बेलापूरला, नव्या मुंबईत, १९८३ ते १९८६ या काळात त्यांनी साध्या माणसांसाठी जी घरे बांधली, त्यांत दोन घरांची भिंत कुठेही सामाईक ठेवली नाही. शेजाऱ्याला न विचारता ज्याला त्याला आपले घर वाढवता यावे, एवढ्यासाठी. सात-सात घरांच्या मधे एक छोटे अंगण. आज तिथे गेलात तर मूळची कौलारू घरे थोडीच उरलेली दिसतात. बहुतेकांनी त्या जागी काँक्रीटचे मजले चढवले आहेत. वास्तुकलेचे काही चाहते त्याबद्दल हळहळतात. मला मात्र अंगणे अजून जागेवर आहेत, हे अधिक महत्त्वाचे वाटते. घर बदलले, पण वस्तीचा नियम टिकला.

आता आपण पुन्हा गणेशखिंडीत येऊ. १९८८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पुणे विद्यापीठाच्या आवारात आंतर-विद्यापीठ खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे आपली ‘आयुका’, स्थापन केली. संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर. वास्तूचे काम कोरिया यांच्याकडे आले. डिसेंबर १९९२मध्ये खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या उपस्थितीत तिचे लोकार्पण झाले आणि त्यांच्या नावाचे सभागृह तिथे आहे. या वास्तूत कोरिया यांनी मधोमध एक कुंड ठेवले. कुंड म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. देवळापुढच्या पुष्करणीच्या पायऱ्या उतरतो तसेच इथेही चारही बाजूंनी दगडी पायऱ्या खाली जातात. फक्त तळाशी पाणी नाही, हिरवळ आहे, आणि चार कोपऱ्यांत आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. भिंतींना इथलाच काळा दगड, त्यावर काळा कडाप्पा आणि त्याहून वर आभाळ दिसेल असा चकचकीत ग्रॅनाइट. काळ्यावर काळे, त्यावर काळे. सकाळी नऊच्या सुमारास त्या पायऱ्यांवर बसून पाहावे. खालच्या पायरीचा दगड अजून गार असतो, वरच्या पायरीवर ऊन आलेले असते आणि कोणी संशोधक हातात चहाचा कप घेऊन आइन्स्टाइनच्या शेजारून पलीकडच्या ओवरीत जातो. कार्यालये, ग्रंथालय, व्याख्यानगृह सगळे या मोकळ्या जागेभोवती आहे. वाड्याच्या चौकाने जे काम केले, तेच हे कुंड करते.

गव्हर्नरांच्या प्रासादाला जे जमले नाही, ते या वास्तूला जमते, असे मी म्हणतो ते यामुळे. इथे मधला भाग रिकामा आहे आणि तो भरायचा नाही, एवढे ठरलेले आहे. बाकी बाहेरच्या अंगाने वाढता येते. राहण्याची घरे ‘आकाशगंगा’ नावाने वेगळ्या बाजूला गेली. पुढे मुलांना स्वतःच्या हातांनी प्रयोग करता यावेत म्हणून मुक्तांगण विज्ञान शोधिका सुरू झाली. पु. ल. देशपांडे यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाच्या मदतीतून तिची इमारत उभी राहिली आणि तिचे नाव ठेवले ‘पुलस्त्य’. सप्तर्षींमधल्या एका ताऱ्याचे हे नाव आणि त्यात ‘पु. ल.’ आपोआप आले. वाढ अशीही असते. जुन्या नावांच्या ओळीत नवे नाव शोभावे, याची काळजी घेणारी. कोरिया २०१५ साली गेले, नारळीकर २०२५च्या मे महिन्यात. कुंडाच्या पायऱ्या तशाच आहेत.

सगळीकडे असे झाले नाही. पुण्यातच, लाकडी सामानाचा व्यवसाय असलेल्या एका मोठ्या एकत्र कुटुंबात १९२७ साली बाळकृष्ण दोशी यांचा जन्म झाला. जे. जे.मध्ये शिकून ते पॅरिसला कॉर्ब्युझिए यांच्या हाताखाली गेले आणि परत येऊन अहमदाबादला स्थायिक झाले. २०१८ साली प्रित्झ्कर पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय. १९६२ साली अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेसाठी अमेरिकन वास्तुरचनाकार लुई कान यांना आणण्यात दोशींचा पुढाकार होता. कान यांनी विटांच्या प्रचंड कमानी, गोल भोके पाडलेल्या भिंती आणि अठरा वसतिगृहे असलेले संकुल आखले. १९७४ साली अहमदाबादहून परततानाच न्यूयॉर्कच्या स्थानकात त्यांचे निधन झाले. पुढे विटा झिजल्या, विटांत घातलेल्या सळया गंजल्या, २००१च्या भूकंपाचाही मार बसला. तेव्हा संस्थेने मुंबईच्या वास्तुरचनाकार ब्रिंदा सोमाया यांच्याकडे जीर्णोद्धाराचे काम दिले. त्यांनी विक्रम साराभाई ग्रंथालय असे काही सावरले की २०१९ साली त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा सन्मान मिळाला. आणि पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०२०मध्ये, अठरापैकी चौदा वसतिगृहे पाडून नवी बांधण्यासाठी संस्थेने प्रस्ताव मागवले. जगभरातून विरोध झाला, १ जानेवारी २०२१ रोजी तो निर्णय मागे घेण्यात आला, पण पुढच्याच वर्षाच्या अखेरीस काही इमारती नव्याने बांधण्याचा इरादा पुन्हा जाहीर झाला. विद्यार्थ्यांच्या डोक्यावर विटा पडू नयेत, ही संस्थेची काळजी खरी होती आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ज्या संकुलात ग्रंथालय सावरून दाखवले गेले, तिथे वसतिगृहांचा उपाय म्हणून आधी पाडापाडीची जाहिरात निघावी, हे मला चुकीचे वाटले आणि आजही वाटते.

दिल्लीच्या हॉल ऑफ नेशन्सला तर तेवढीही संधी मिळाली नाही. १९७२ साली वास्तुरचनाकार राज रेवाल यांनी आणि अभियंता महेंद्र राज यांनी काँक्रीटच्या जाळीदार सांगाड्यातून उभारलेले ते प्रदर्शनगृह २०१७च्या एप्रिलमध्ये रातोरात पाडले गेले. साठ वर्षे पुरी न झालेल्या इमारतीला वारसा मानायचे नाही, अशी अट तिथे आड आली. आपल्या आधुनिक संकुलांचे दुखणे नेमके हेच आहे. ती जुनी दिसावीत इतकी जुनी नाहीत आणि नवी वाटावीत इतकी नवीही नाहीत. गोव्यात कोरिया यांच्याच कला अकादमीच्या नूतनीकरणाचे काम सुरू असताना जुलै २०२३मध्ये खुल्या रंगमंचावरचा स्लॅब कोसळला. मांडवीच्या काठावरची ती वास्तू किती गोवेकरांची आपली आहे, हे त्या दिवशीच्या हळहळीतून कळले.

या इमारतींना होते काय, हेही थोडे समजून घ्यायला हवे. काँक्रीटमधली सळई गंजली की फुगते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. त्या फुगण्याने बाहेरचे काँक्रीट तडकते, तडकीतून पाणी शिरते आणि गंज आणखी वाढतो. सळईवर काँक्रीटचे जे पांघरूण असते त्याला साइटवर ‘कव्हर’ म्हणतात. पन्नास-साठच्या दशकांत ते कमी ठेवीत. काँक्रीटच्या कामाचे आपले भारतीय मानक, आयएस ४५६, पहिल्यांदा १९५३ साली आले आणि २०००च्या आवृत्तीने टिकाऊपणासाठी कव्हर आणि काँक्रीटची प्रत, दोन्हींबाबत नियम कडक केले. भूकंपाचे मानक १९६२चे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला धक्का बसला, ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी उद्ध्वस्त झाली आणि त्या-त्या वेळी आपण शहाणे झालो. म्हणजे १९६० साली बांधलेल्या महाविद्यालयावर आज मजला चढवायचा, तर तो सांगाडा आजच्या नियमांना उतरेलच असे नाही. म्हणून मग कॉलमला जॅकेटिंग करावे लागते, म्हणजे भोवती नव्या सळया बांधून काँक्रीटचा नवा अंगरखा चढवावा लागतो. किंवा जुन्या इमारतीवर भार न टाकता तिच्या शेजारी स्वतःच्या पायावर उभी राहणारी नवी इमारत बांधून दोघींमध्ये मोकळी फट ठेवावी लागते आणि ये-जा करण्यापुरता एक पूल टाकावा लागतो. लिफ्ट, स्वच्छतागृहे, केबल, वातानुकूलनाची यंत्रे हे सगळे त्या नव्या भागात घेतले की जुन्या वास्तूची मोडतोड टळते. देसाऊचा पूल इथे उपयोगी पडतो, तो असा.

आपल्या औद्योगिक पट्ट्यातल्या माणसाला यातले काही नवे वाटणार नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, टेल्को १९६६ साली पिंपरीत आली आणि तेव्हापासून इथे शेड वाढवणे हे नित्याचे काम आहे. शेड मोजतात ती ‘बे’मध्ये, जसा वाडा खणांत. ज्या टोकाला पुढे बे वाढवायच्या असतात, तिथली भिंत पक्की बांधत नाहीत, नुसते पत्रे लावून ठेवतात. ऑर्डर वाढली की पत्रे काढायचे, दोन बे जोडायच्या, पत्रे पुढच्या टोकाला लावायचे. कुठून वाढणार हे आधी ठरलेले असले की काही वाया जात नाही. आणि ठरलेले नसले की काय होते, तेही आपण रोजच्या वाटेवर पाहिले आहे. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल जेमतेम दीड दशकाचा झाला असताना, २०२० साली, मेट्रोसाठी पाडावा लागला.

काही काळापूर्वी आमच्या पट्ट्यातल्या एका जुन्या महाविद्यालयात वाढीव बांधकामाची चर्चा चालली असताना मी तिथे होतो. अभियंत्यांनी मूळ नकाशे मागितले. कार्यालयातल्या लोखंडी कपाटातून एक गुंडाळी निघाली. निळसर अमोनिया प्रिंट, घड्यांवर फाटलेल्या, कडांचा भुगा झालेला. खोल्यांचा नकाशा होता, दर्शनी बाजूचे चित्र होते, पण पायाचा आणि कॉलमच्या सळयांचा कागद नव्हता. तीन पिढ्या शिकून बाहेर पडल्या, त्या इमारतीचा पाया किती खोल आहे हे सांगणारा कोणी उरला नव्हता. शेवटी एका कॉलमच्या कडेला माती उकरून खड्डा घ्यावा लागला. दोन मजुरांनी दुपारपर्यंत खोदले, तेव्हा फुटिंगची कड दिसली. अभियंत्याने टेप लावून माप घेतले, फोटो काढला आणि जुन्या वहीच्या पानावर आकृती काढली. ती आकृती म्हणजे त्या इमारतीच्या पायाचा आता उपलब्ध असलेला एकमेव नकाशा.

काळेवाडीतल्या घरमालकाला आपल्या सळया किती एमएमच्या आणि पाया किती फुटांचा, हे तोंडपाठ असते. आपल्या शिक्षणसंस्थांना ते ठाऊक असू नये, हे बरे नाही. तुम्ही कोणत्याही शाळेचे, महाविद्यालयाचे, विद्यापीठ-विभागाचे विश्वस्त असाल, प्राचार्य असाल किंवा माजी विद्यार्थी असाल, तर या आठवड्यात एक काम करा. त्या इमारतीचे मूळ नकाशे कुठे आहेत ते विचारा. गुंडाळी सापडली तर ती उन्हात उलगडू नका. सावलीत सपाट पसरून प्रत्येक कागदाचा स्वच्छ फोटो घ्या आणि एक प्रत ग्रंथालयात नोंद करून ठेवा. सापडली नाही, तर ज्या वास्तुरचनाकाराने, ठेकेदाराने किंवा गवंड्याने ती इमारत बांधली, त्याच्या घरी जाऊन विचारा. त्या पिढीची माणसे अजून आपल्यात आहेत.